खोट्या आयपी तक्रारी आणि मार्केटप्लेसचं अपील: गणपतीचा एक सीझन गमावून लिहिलेला अनुभव

गिरगावात आमचं पितळी-तांब्याच्या भांड्यांचं छोटं दुकान आहे. मोदकाचे साचे, सोऱ्या, पुरणयंत्र असा माल. ऑनलाइनचं सगळं मी आणि वहिनी बघतो. मार्केटप्लेसचं नाव घेत नाही, कारण दुसरीकडे विकणाऱ्यांशी बोलले तर रड तीच. हा रिव्ह्यू त्या साइटच्या एकाच खात्याचा आहे: तुमच्या मालावर कुणी बौद्धिक संपदेची (आयपी, म्हणजे ट्रेडमार्क, डिझाइन, कॉपीराइट) तक्रार टाकली की विक्रेत्याच्या पॅनेलवर पुढे जे सुरू होतं त्याचा. पाचपैकी दोन तारे.

साइट आधी माल उतरवते आणि मग विचारते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ प्रमाणे मध्यस्थ म्हणून तिला विक्रेत्यांच्या चुकांच्या जबाबदारीपासून संरक्षण आहे, आणि तक्रार कानावर येऊनही गप्प बसलं तर ते धोक्यात येऊ शकतं. त्यामुळे खरं-खोटं बघत बसण्यापेक्षा लिस्टिंग ब्लॉक करणं तिला परवडतं. तक्रार करणाऱ्याला एक फॉर्म भरायचा असतो. इकडे आपला माल साइटच्या भिवंडीच्या वेअरहाऊसमध्ये पडून, आणि त्याचं भाडं चालूच.

आमचा पितळी मोदक साचा ऐन श्रावणात गेला. ईमेलमध्ये एक डिझाइन नोंदणी क्रमांक, तक्रारदाराचा ईमेल पत्ता, बस. वहिनी म्हणाली, "अगं, हा साचा माझ्या आजेसासूबाईंच्या फडताळात होता, ह्याने काय शोध लावला?" म्हणणं शंभर टक्के खरं, पण अपीलात त्याला शून्य किंमत. तिथे हक्काच्या प्रकाराप्रमाणेच उत्तर द्यावं लागतं. ट्रेडमार्कच्या तक्रारीला "आमचा माल अस्सल आहे" म्हणून भागत नाही, आणि डिझाइनच्या तक्रारीला खरेदीचं बिल जोडून काही होत नाही. आमच्या ओळखीतले बहुतेक विक्रेते नेमके इथेच अडकले होते.

डिझाइनचा क्रमांक सरकारी साइटवर टाकला की चित्रं बघता येतात. त्याच्या साच्याला तीन फाका, खाली फिरकीचं बूड, वर कळीसारखी मूठ. आमचा साधा दोन फाकांचा, बाजूला बिजागरी. अशा नोंदणीत नावीन्य आकारात आणि रचनेत, 'चित्रात दाखवल्याप्रमाणे', असं लिहिलेलं असतं. म्हणजे हक्क त्या चित्रातल्या रूपापुरता; साचा उघडतो-मिटतो कसा, त्यावर नाही. डिझाइन कायदा, २००० च्या व्याख्येतच बांधणीचं तत्त्व वगळलेलं आहे. मी एका पानावर डावीकडे त्याचं चित्र, उजवीकडे त्याच कोनातून काढलेला आमच्या साच्याचा फोटो ठेवला, आणि खाली दोन ओळी. आधी पाठवलेल्या लांबलचक पत्रांना "आपली माहिती अपुरी आहे" हे तयार उत्तर आलं होतं. ह्या एका पानावर लिस्टिंग परत आली. तोवर अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. नंतर मोदक साचा कोण घेतं? अंगारकीला चार-दोन जातात तेवढेच.

साचा हुबेहूब सारखा असता तर वेगळी वाट होती. नोंदणीच्या आधीपासून तो आकार बाजारात किंवा छापील कॅटलॉगमध्ये असेल तर कलम १९ खाली नोंदणी रद्द करा म्हणून अर्ज करता येतो. तो कोलकात्याच्या कार्यालयाकडे जातो आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा सीझन वाचवायला त्याचा उपयोग नाही. पण तारीख छापलेली जुनी दरपत्रकं आता मी जपून ठेवते.

दुसरी तक्रार ट्रेडमार्कची, आमच्या टायटलमधल्या 'बाप्पा' ह्या शब्दावर. क्रमांक तपासला तर नोंदणी खरी होती, पण मालाच्या वर्ग ३० मधली, म्हणजे पीठ-मसाले-मिठाई, आणि तीही चित्रासकट लेबलची. भांडी येतात वर्ग २१ मध्ये. सर्चमध्ये स्टेटसही बघावं. 'ऑब्जेक्टेड' किंवा 'अपोज्ड' दिसलं तर नोंदणी अजून झालेलीच नाही, आणि ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम २७ प्रमाणे बिननोंदणीच्या चिन्हावर उल्लंघनाचा दावा लावता येत नाही. तुम्ही दुसऱ्याच्या ब्रँडचा अस्सल माल विकत असाल तर कलम ३०(३) तुमच्या बाजूचं आहे, पण मग बिलं लागतात.

बिलांचं जरा सविस्तर सांगते. साइटला कच्चं बिल, चलन, कोटेशन काही चालत नाही. जीएसटी बिल, त्यावर पॅनेलवरचंच नाव-पत्ता, आणि मालाचं नीट वर्णन. तांबाकाट्यावरचे आमचे शेठ नुसतं 'ब्रास आयटम' लिहून द्यायचे. वर्णन घाला म्हटलं तर, "ताई, साचा तो साचा, त्याला काय नाव ठेवायचं?" शेवटी आकार, वजन आणि आमचा मॉडेल नंबर त्यांच्या मुलाकडून कॉम्प्युटरमध्ये घालून घेतला. आता आपोआप छापून येतं.

तिसरी तक्रार सगळ्यात निर्लज्ज: आमचाच फोटो उचलून आमच्यावरच कॉपीराइटचा दावा. फोटो लालबागच्या एका मुलाकडून पैसे देऊन काढून घेतले होते. कॉपीराइटला नोंदणीची सक्ती नाही, आणि वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा, हे कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. कॅमेऱ्यातली मूळ फाइल आणि त्याचं बिल जोडलं. शिवाय कॉपीराइट नियम, २०१३ मधल्या नियम ७५ चा दाखला दिला: मध्यस्थाने ३६ तासांत मजकूर बंद करायचा, पण तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करता येतो. हे प्रकरण त्यामानाने लवकर मिटलं.

ह्या सगळ्यात साइटचा खरा दोष माझ्या मते वेगळाच आहे. ईमेलमध्ये ते सरळ सांगतात की तक्रारदाराशी बोलून तक्रार मागे घ्यायला लावा. म्हणजे ज्याने नाक दाबलं त्याच्याच दारात उभं राहायचं. आम्ही लिहिलं, तर तक्रारदाराचं उत्तर आलं, "साच्याची किंमत आमच्यापेक्षा वर ठेवा, मग बघू." वहिनीने तो मेल जसाच्या तसा पुढच्या अपीलाला जोडला. साइटने त्यावर चकार शब्द काढला नाही, पण त्या तक्रारदाराकडून पुन्हा तक्रार आलेली नाही. फोर्टमधल्या वकिलांकडून ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १४२ ची नोटीसही पाठवली. निराधार धमक्या देणाऱ्यावर दावा करून मनाई आणि नुकसानभरपाई मागायची सोय त्यात आहे. समोरच्याने रीतसर उल्लंघनाचा दावा लावला तर मात्र ती ढाल राहत नाही, हे वकिलांनी आधीच सांगितलं होतं. डिझाइनसाठी आणि कॉपीराइटसाठीही अशीच तरतूद आहे.

चांगलं काय? तक्रारीचा क्रमांक आणि समोरच्याचा पत्ता लपवत नाहीत, तक्रार निकालात निघाली की अकाउंट हेल्थवरचा, म्हणजे विक्रेत्याच्या प्रगतिपुस्तकावरचा, लाल डाग जातो, जुने रिव्ह्यू टिकतात. सर्चमधली जागा मात्र जाते आणि जाहिरातीला पैसे ओतून पुन्हा मिळवावी लागते. फोनवरची मुलं गोड बोलतात, पण आयपी टीमपर्यंत त्यांचाही हात पोचत नाही.

आमच्या नावासाठी वर्ग २१ मध्ये अर्ज केला आहे. छोट्या व्यावसायिकाला ऑनलाइन फी ४,५०० रुपये, अँटॉप हिलच्या ट्रेडमार्क कार्यालयात खेपा घालाव्या लागत नाहीत. साइट सोडलेली नाही, सोडून परवडणारही नाही. पण श्रावणाआधी सगळा साठा भिवंडीला पाठवणं बंद. अर्धा माल दुकानाच्या पोटमाळ्यावर, आणि मोदक साचा दुसऱ्या एका साइटवरही चढवला आहे.