मनन-वाचन की उताऱ्याचा अभ्यास? बायबल वाचणाऱ्यांसाठी तुलना

रोज अर्धा तास हाताशी आहे. मोजकी वचनं घेऊन त्यांत मुरायचं, की वही-पेन्सिल घेऊन उतारा उलगडायचा?

पहिली वाट ख्रिस्ती मठांतली, ‘लेक्शिओ दिविना’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘पवित्र वाचन’. १२व्या शतकात ग्विगो दुसरा या कार्थुसियन मठवासीयानं तिच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. पाच ते दहा वचनं पुरतात. ती मोठ्यानं, सावकाश तीन-चार वेळा वाचायची, जो शब्द अडवेल तिथे थांबायचं, त्याचीच प्रार्थना करायची आणि मग गप्प बसायचं. स्तोत्रांसाठी याहून चांगली रीत नाही.

पण अडवणारा शब्द संदर्भातून सुटला की घोटाळा होतो. यिर्मया २९:११ मधलं आशेचं अभिवचन लोक स्वतःच्या नोकरीला लावतात. ते वचन यिर्मयानं बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि १०वं वचन आधी ७० वर्षं पुरी होण्याची गोष्ट करतं. म्हणून मननाआधी तो अध्याय एकदा सलग वाचाच.

दुसरी वाट निरीक्षण, अर्थ आणि आचरण या क्रमाची. सुरुवातीला पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र घ्या: ४ अध्याय, १०४ वचनं, एका बैठकीत संपतं. पहिल्या दिवशी खुणा नकोत, नुसतं वाचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुन्हा येणारे शब्द अधोरेखित करा. ‘आनंद’ चारही अध्यायांत सापडेल. मग ‘म्हणून’, ‘पण’, ‘कारण’ यांना गोल करा. रोम १२:१ मधल्या ‘म्हणून’मागे अकरा अध्यायांचं विवेचन उभं आहे, ते वगळलं तर पुढच्या आज्ञा निव्वळ नियम वाटतात. अशा वाचनात फिलिप्पै ४:१३ मधलं सामर्थ्यही वेगळं दिसतं: बंधनात असलेला पौल विपन्नता आणि संपन्नता या दोन्हींत कसं राहायचं ते सांगतोय, हवं ते मिळवण्याबद्दल बोलत नाही.

इथे लोक चुकतात ते निरीक्षण अर्धवट टाकून आचरणाकडे उडी मारतात म्हणून. उलट टोकही आहे: वही भरते, प्रार्थना मात्र होत नाही.

आमचा कौल: पत्रं आणि संदेष्टे असतील तर अभ्यास आधी, स्तोत्रं असतील तर मनन आधी. शुभवर्तमानांना दोन्ही लागतात. आठवड्यातले चार दिवस एकाच उताऱ्याचा अभ्यास आणि दोन दिवस त्याच उताऱ्याचं मनन, ही विभागणी नवख्यालाही झेपते.

भाष्यग्रंथ शेवटी उघडा. आधी उघडलात तर भाष्यकाराला जे दिसलं तेवढंच तुम्हाला दिसेल. त्याआधी दोन भाषांतरं शेजारी ठेवा. ती जिथे वेगळी होतात तिथे मूळ शब्द पाहावा. योहान ३:३ मधल्या ग्रीक ‘अनोथेन’चे दोन अर्थ होतात, ‘नव्याने’ आणि ‘वरून’. येशूचं हे बोलणं ऐकणाऱ्या निकदेमानं पहिला धरला, म्हणूनच आईच्या उदरात पुन्हा कसं जायचं, असं तो विचारतो.