दोन खोल्यांच्या घरात गेमिंग पीसी: आवाज कमी, जागा कमी, साठ हजारांच्या आत

लातुरात ज्या घरात नीटची तयारी करणारं लेकरू आहे, त्या घरात गेमिंगचा पीसी आणायचा म्हटलं की पहिला प्रश्न आवाजाचा येतो. बहीण यंदा बारावीला. दिवसभर ट्यूशन एरियात असते आणि रात्री जेवणं झाली की माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला फिजिक्सचे पेपर सोडवत बसते. मी मार्केट यार्डात एका आडतीवर हिशेब लिहितो. घरी यायला आठ वाजतात, खेळायला मिळतं ते नऊ ते अकरा. म्हणजे तिचा अभ्यास आणि माझा खेळ एकाच वेळी, एकाच टेबलावर. म्हणून मशीन ठरवताना मी आधी वॅट बघितले, मग पंखे, आणि एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात ते) सगळ्यात शेवटी. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा हे तिन्ही या मशीनवर काढून झालेत, तेव्हा आता खात्रीनं लिहितो.

आत काय आहे ते आधी सांगतो. प्रोसेसर एएमडी रायझन ५ ५६००, बी५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स आकाराचा मदरबोर्ड, डीडीआर४ रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, रेडिऑन आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), प्रोसेसरवर डीपकूलचा एजी४०० कूलर आणि हे सगळं असूसच्या प्राइम एपी२०१ कॅबिनेटमध्ये. मॉनिटर, कीबोर्ड, माउस घरात होते. ते सोडून सगळं साठ हजारांच्या आत बसलं.

आवाजाचं गणित तसं सरळ आहे. जेवढे वॅट खर्च होतात तेवढी उष्णता तयार होते. ती बाहेर काढायला हवा हलवावी लागते, आणि हवा जोरात हलली की आवाज होतो. पंख्याचा वेग निम्म्यावर आणला तर आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो, आणि १० डेसिबलचा फरक कानाला जवळजवळ निम्मा वाटतो. त्यामुळे लहान पंखा जोरात पळवण्यापेक्षा १२० मिलिमीटरचा मोठा पंखा हळू फिरवलेला कधीही चांगला. आणि त्याहून चांगलं म्हणजे मुळात कमी तापणारे पार्ट घेणं. लोक तापट कार्ड घेतात आणि मग ते गार ठेवायला महागडे पंखे घेतात. छोट्या बजेटमध्ये दोन्ही खर्च झेपत नाहीत.

ग्राफिक्स कार्डावर मी सगळ्यात जास्त डोकं लावलं, कारण खेळताना खोलीत जी उष्णता येते तिचा मोठा वाटा कार्डाचाच असतो. माझ्यापुढे तीन नावं होती. आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीवाला प्रकार फक्त ७० वॅट घेतो, त्याला वेगळी पॉवर केबलही लागत नाही. शांततेत त्याला तोड नाही, पण ताकदीत तो आरएक्स ६६०० च्या बराच मागं पडतो. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात आणि वेगात ते ६६०० च्या पुढं आहे. मन त्याच्यावरच होतं, पण ते घेतलं असतं तर एसएसडी आणि कॅबिनेटमध्ये कात्री लावावी लागली असती. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, ८ जीबी मेमरी आणि एकच ८ पिनची केबल. १०८०पी मॉनिटरला पुरून उरतं. दोन पंख्यांचं साधं मॉडेल घेतलं आणि त्यावर समाधानी आहे.

या कार्डाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे भार नसला की त्याचे पंखे पूर्ण थांबतात. हिशेबाची शीट उघडलेली असो, व्हिडिओ चालू असो, बहिणीचा ऑनलाइन लेक्चर असो, कार्ड एकदम गप्प. खेळ सुरू झाला की पंखे लागतात. इथं एएमडीच्या अ‍ॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये दोन कामं केली आणि त्यांचा जो फायदा झाला तो पैसे खर्चून मिळाला नसता. एक, व्होल्टेज थोडं खाली आणलं. दुसरं, फ्रेमना मर्यादा घातली. माझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला ७५ फ्रेमच दाखवतो, त्यावर दीडशे फ्रेम काढून कार्ड तापवण्यात अर्थ काय? ७२ वर लॉक केलं. प्लगला मीटर लावून बघितलं, तर आधी भिंतीतून दोनशेच्या वर वॅट ओढणारं मशीन बऱ्याच खेळांत १७० च्या आसपास आलं. आणि मेन्यूमध्ये असताना कार्डातून येणारी ती बारीक किणकिण, जिला कॉइल व्हाइन म्हणतात, तीही गेली. मेन्यूच्या रिकाम्या स्क्रीनवर कार्ड शेकडो फ्रेम काढत सुटतं, म्हणून ती तिथं जास्त ऐकू येते. मर्यादा घातली की कार्डाला धावायला जागाच राहत नाही.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. ५६०० हा २०२२ चा, सहा कोअर, ६५ वॅटचा. आज तो जुना वाटेल, पण ६६०० च्या जोडीला अगदी योग्य आहे. रॅमच्या दोन पट्ट्या घ्या, एक मोठी घेऊ नका. ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन पट्ट्या एकदम चालण्याचा, फरक खेळात दिसतो. फिरणारी हार्ड डिस्क आत ठेवू नका. जुनी १ टीबीची डिस्क मी यूएसबी डबीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, त्यातले जुने फोटो हवे असतील तेव्हाच जोडतो.

आता कॅबिनेट. छोटं म्हटलं की सगळे मिनी-आयटीएक्स या सगळ्यात लहान बोर्डाकडे बोट दाखवतात. १७ बाय १७ सेंटिमीटरचा तो बोर्ड दिसायला फार देखणा आहे. पण आपल्याकडे त्याचे बोर्ड मायक्रो-एटीएक्सपेक्षा बरेच महाग पडतात, बहुतेक छोट्या कॅबिनेटना एसएफएक्स या लहान आकाराचा एसएमपीएस लागतो, तोही महाग, आणि उद्या तो बिघडला तर लातुरात काउंटरवर मिळणार नाही. साध्या एटीएक्स एसएमपीएसचं तसं नाही, कुठल्याही दुकानात हात घातला की सापडतो. एपी२०१ हे ३३ लिटरचं आहे: रुंदी साडेवीस सेंटिमीटर, उंची ३५, लांबी ४६. सर्वांत छोटं नाही, पण नेहमीच्या मिड-टॉवरच्या शेजारी ठेवलं तर फरक डोळ्यांत भरतो. यात एसएमपीएस पुढच्या बाजूला बसतो, म्हणून उंची एवढी कमी ठेवता आली. भोवती सगळी जाळी आहे. जाळीतून आवाज बाहेर येतो हे खरं, पण हवा इतकी मोकळी खेळते की पंख्यांना पळावंच लागत नाही. आमच्या भागात बंद काचेच्या कॅबिनेटपेक्षा ही जाळी कितीतरी पटीनं बरी. मागं एक पंखा कंपनीचा होता, खालून हवा घ्यायला मी १२० मिलिमीटरचे दोन लावले. चार पिनचे घ्या, म्हणजे वेग बोर्डावरून हवा तसा कमी-जास्त करता येतो.

पार्ट औसा रोडच्या एका दुकानातून मागवले. दुकानदार मोकळा माणूस. "एवढा लहान डबा कशाला घेताव? तेवढ्याच पैशात आरजीबीचा, रंगीत लाइटांचा मोठा देतो की," असं म्हणाला, पण मी यादी दिल्यावर तीच यादी पुण्याहून आणून दिली, प्रत्येक डब्याचं सील माझ्यासमोर फोडलं आणि जोडणी मला त्याच्याच काउंटरवर करू दिली. एका पंख्याच्या बेअरिंगमधून टिकटिक येत होती, ती घरच्या शांततेत कळली. तो बिनतक्रार बदलून दिला. ऑनलाइन हजारभर रुपये वाचले असते, पण अशा वेळी समोर माणूस असणं मला जास्त मोलाचं वाटतं.

घरी आल्यावर मशीन सुरू केलं तर पंखे हळू फिरत असूनही एक बारीक घुमणारा आवाज येत होता. कॅबिनेटवर हात ठेवला, तसाच. टेबलावर तळहात दाबला, आवाज थांबला. टेबल लोखंडी आहे, वर पातळ पत्रा. पंख्यांची जी थरथर कॅबिनेटच्या पायांतून उतरते तिला हा पत्रा हलगीच्या कातड्यासारखा वाजवतो. पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणली, चार बोटं रुंदीचे तुकडे कापले, दुहेरी घडी करून चारही पायांखाली सरकवले. घुमणं बंद झालं. पंधरा-वीस हजारांचं कार्ड विचार करून निवडल्यानं जेवढा फरक पडला तेवढाच या ट्यूबच्या तुकड्यांनी पाडला, हे मी मनापासून सांगतो. लोखंडी टेबल किंवा पत्र्याच्या रॅकवर पीसी ठेवणाऱ्यानं हे आधी करावं.

दुसरं महत्त्वाचं काम बायोसमधलं, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमधलं. रायझनचा स्वभाव असा की ब्राउझरमध्ये एक टॅब उघडला तरी तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं आणि लगेच खाली येतं. मूळ सेटिंगमध्ये पंखा त्या प्रत्येक उडीमागं धावतो, घूंऽ करून वर जातो, परत खाली. एकसारखा येणारा हलका आवाज माणूस विसरतो. चढउतार होणारा आवाज मात्र डोक्यात बसतो, आणि शेजारी कोणी गणित सोडवत असेल तर विचारूच नका. मी ६० अंशांपर्यंत पंखा एकाच संथ वेगावर ठेवला, पुढं ७५ पर्यंत अगदी हळू चढ दिला आणि वेग बदलायला काही सेकंदांचा उशीर लावला. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंशांची आहे, त्यामुळे ७५ पाहून घाबरायचं कारण नाही. त्या रात्री बहिणीनं पेपरवरून मान वर न करताच विचारलं, "दादा, चालू हाय का बंद केलास?" मी तेव्हा गाडी चालवत होतो, गेममधली.

पण खरी परीक्षा मे महिन्यात. बाहेर ४१-४२ आणि पत्र्याची शेड शेजारी असलेल्या आमच्या खोलीत रात्री नऊलाही ३५ च्या खाली पारा येत नाही. खोली जितकी तापते, साधारण तितकेच अंश आतले आकडेही वर सरकतात. डिसेंबरात प्रोसेसर खेळताना ६०-६२ वर असायचा, मेमध्ये ७४ ला गेला. म्हणून पंख्यांचं सेटिंग थंडीत बसून पक्कं करू नका. उन्हाळ्यात एकदा तपासा. तसं बघितलं तर उन्हाळ्यात पीसीचा आवाज ऐकूच येत नाही, खिडकीतला डेझर्ट कूलर आणि छताचा पंखा मिळून सगळं झाकून टाकतात. शांत मशीनची किंमत कळते ती दिवाळीनंतर, पंखे बंद करून घर झोपतं तेव्हा. एक जपायचं: कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ती हवा दमट असते, आणि आमचं बोअरचं पाणी किती जड आहे ते कूलरच्या वाळ्यावर धरणाऱ्या पांढऱ्या थरावरूनच दिसतं.

धूळ हा आपल्या भागाचा दुसरा विषय. सोयाबीनची आवक सुरू झाली की यार्डातला भुसा माझ्या कपड्यांबरोबर घरात येतो. जाळीचं कॅबिनेट ती धूळ ओढतंच. जाळी काढून ब्रशनं झटकायला पाच मिनिटं लागतात. आतून ब्लोअर मारताना मात्र पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेच्या झोतानं ते भलत्या वेगानं फिरलं तर बेअरिंगला त्रास होतो.

आणि लाईट. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे दाब कमी झाला म्हणून मशीन बंद पडत नाही. पण लाईट जाते तेव्हा यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस हे मशीन खेळ सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ धरतो, कारण मुळात ओढच कमी आहे. फक्त त्याचा बीप भयंकर आहे. सगळं घर शांत करून ठेवायचं आणि अकरा वाजता त्या डब्यानं किंचाळून आईला उठवायचं, हे मला चालणार नव्हतं. माझ्या यूपीएसवर बटण दाबलं की बीप थांबतो. घेण्याआधी दुकानात प्लग काढून हे तपासून घ्या.

खेळांचं म्हणाल तर वॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक हे मशीन हसतखेळत चालवतं, फोर्झा होरायझन ५ हाय सेटिंगवर ७२ च्या लॉकला चिकटून राहतं. एल्डन रिंग तर मुळातच ६० फ्रेमला बांधलेला आहे, त्यामुळे तो खेळताना कार्ड निवांत असतं. रे ट्रेसिंगची (खेळातला प्रकाश-सावली खऱ्यासारखी दाखवण्याची) हौस असेल तर हे कार्ड घेऊ नका, तिथं ते दमतं.

मी घेतलं तेव्हा रॅम स्वस्त होती. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळे आज हीच यादी नेली तर बिल वर जाईल. तेव्हा कात्री लावायचीच असेल तर कार्ड ३०५० च्या ६ जीबीवर आणा. खेळ थोडे खालच्या सेटिंगवर जातील, पण मशीन आणखी गार आणि शांत होईल. कार्डाला पैसेच नसतील तर रायझन ५ ५६००जी घ्या, त्याच्या आतल्या ग्राफिक्सवर वॅलोरंटसारखे हलके खेळ चालतात, आणि पैसे आले की याच बोर्डावर कार्ड बसवता येतं. कॅबिनेट, प्रोसेसरचा कूलर आणि एसएमपीएस यांतून मात्र एक रुपयाही काढू नका. पुढची दोन-तीन कार्डं बदलली तरी हे तिन्ही तसेच राहतील.