जवळचं रुग्णालय की मोठं हॉस्पिटल? आजार पाहून ठरवा

घरात कुणी आजारी पडलं की पहिला वाद याचाच. एक म्हणतो, इथे जवळच दाखवू. दुसरा म्हणतो, कशाला जोखीम, थेट मोठ्या हॉस्पिटलात नेऊ. दोघंही इमारतीवरून भांडत असतात. निवड करायची ती आजारावरून: त्याला घाई किती आहे, फेऱ्या किती पडणार, आणि ते काम त्या रुग्णालयाच्या रोजच्या सरावातलं आहे का.

जवळचं म्हणजे इथे साधारण असं रुग्णालय धरलंय: फिजिशियन, जनरल सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर, लॅब, एक्स-रे, सोनोग्राफी, प्रसूती विभाग आणि चोवीस तास उघडा अपघात विभाग. मोठं म्हणजे याशिवाय कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करायची खोली), न्यूरोसर्जरी, रेडिएशन, नवजात बाळांचं आयसीयू आणि स्वतःची रक्तपेढी असलेलं.

घाई सारखीच, उत्तर वेगळं

हार्ट अटॅक आणि पक्षाघात, दोन्हींत मिनिटामिनिटाला किंमत आहे. म्हणून दोन्हींत 'जे जवळ तिथे पळा' असं वाटतं. इथेच फसायला होतं.

छातीत दुखत असेल तर रुग्णालयात पोचल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा, आणि ते यंत्र लहान रुग्णालयातही असतं. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेली दिसली तर अँजिओप्लास्टी हा सरस उपाय, पण निदानापासून साधारण १२० मिनिटांच्या आत ती होणार असेल तरच. तेवढ्या वेळात कॅथलॅब गाठता येत नसेल, तर दुखायला लागल्यापासून १२ तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात आणि मग रुग्णाला मोठ्या ठिकाणी हलवतात. इंजेक्शन जितकं लवकर, तितका हृदयाचा स्नायू जास्त वाचतो. म्हणजे कॅथलॅब नसलेलं रुग्णालयही इथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं. शिवाय हृदयाची लय बिघडली तर शॉक द्यायचं यंत्र हाताशी असतं, जे तुमच्या गाडीत नसतं. (म्हणूनच स्वतःच्या गाडीपेक्षा अँब्युलन्स बरी.)

पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही, आणि रक्तस्राव असताना तेच इंजेक्शन जीव घेऊ शकतं. त्यामुळे आधी सीटी स्कॅन. ज्या रुग्णालयात सीटी नाही, किंवा रात्री तो चालवणारं कुणी नाही, तिथे आधी जाणं म्हणजे हातातला वेळ घालवणं. तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं अडखळलं, तर सीटी आणि हे इंजेक्शन दोन्ही मिळतील तिथेच जा, थोडं लांब असलं तरी. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर तारेने गुठळी ओढून काढतात. ते ६ तासांपर्यंत, आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतं, पण फक्त मोठ्या केंद्रात. घड्याळ सुरू होतं ते रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला त्या क्षणापासून. झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसली तर झोपण्याची वेळ सांगा.

यातलं काहीही त्या धांदलीत विचारता येत नाही. आज फोन करून विचारून ठेवा: सीटी रात्री चालू असतो का?

प्रसूती

गरोदरपण सुरळीत असेल, दिवस पूर्ण भरलेले असतील, तर जवळचं रुग्णालय उत्तम. फक्त दोन गोष्टी खोदून विचारा. रात्री सिझेरियन लागलं तर भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतो? रक्त कुठून येतं? प्रसूतीनंतरचा रक्तस्राव काहीही धोका न दिसलेल्या बाईलाही होऊ शकतो, म्हणून दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. ३२ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर मात्र शक्य असल्यास आईलाच आधी मोठ्या ठिकाणी न्यावं. जन्मल्यावर बाळाला हलवण्यापेक्षा पोटातून नेणं सुरक्षित.

ठरवून करायच्या शस्त्रक्रिया

हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय ही जनरल सर्जनची रोजची कामं. मोठ्या हॉस्पिटलात यासाठी रांगेत थांबून फारसं काही पदरात पडत नाही. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांचं गणित वेगळं. अमेरिकेतल्या ज्येष्ठ रुग्णांवरचा २००२ सालचा एक मोठा अभ्यास आहे. स्वादुपिंडाचा भाग काढल्यानंतर दगावण्याचं प्रमाण, ही शस्त्रक्रिया क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत १६.३ टक्के आणि सर्वांत जास्त करणाऱ्यांत ३.८ टक्के. मानेतली कॅरोटिड धमनी साफ करण्याच्या शस्त्रक्रियेत मात्र हेच आकडे १.७ आणि १.५. फरक फक्त सर्जनच्या हातामुळे पडतो असं मला वाटत नाही. चौथ्या रात्री टाका गळायला लागला तर तो ओळखणारी नर्स, जागं आयसीयू, हेही त्यात आलं. त्यामुळे शस्त्रक्रिया साधी पण रुग्णाचं हृदय किंवा फुप्फुस अधू, अशा वेळीही मोठं ठिकाण निवडावं.

वयस्कर माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर उलट. शस्त्रक्रिया दोन दिवसांच्या आत व्हायला हवी. मोठ्या ठिकाणी खाट मिळायची वाट बघण्यापेक्षा, जवळ हाडांचा डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ असेल तर तिथेच उरकावी.

पुन्हा पुन्हा जावं लागणार असेल

डायलिसिस आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी सुमारे ४ तास. इथे अंतराइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून हातातली धमनी आणि शीर जोडणं) आणि प्रत्यारोपणाची चर्चा मोठ्या ठिकाणी, बाकी जवळच. केमोथेरपीतही अशी वाटणी बऱ्याचदा जमते: औषधांचा आराखडा कर्करोगतज्ज्ञांच्या चमूने आखायचा, सलाइन जवळ लावायचं, अर्थात तिथे प्रशिक्षित नर्स असेल तर. रेडिएशनला ही सोय नाही. यंत्र असेल तिथेच, बहुधा आठवड्याचे ५ दिवस, कित्येक आठवडे.

दोन्हीकडे उपचार चालणार असतील तर स्कॅनच्या नुसत्या रिपोर्टवर समाधान मानू नका, सीडी मागून घ्या. पुढचा सर्जन रिपोर्ट वाचत नाही, चित्रं बघतो. ती नसली तर रुग्णाला पुन्हा मशीनमध्ये घालतात.