स्टारलिंकचे उपग्रह: आकाशाच्या बाजूने एक परीक्षण

स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या सेवेविषयी लिहिताना वेग, दर आणि छतावरची डिश यांचीच चर्चा होते. परंतु हे उपग्रह ही सेवा न घेतलेल्यांच्याही डोक्यावरून जातात, म्हणून रात्रीच्या आकाशावर त्यांचा काय परिणाम होतो एवढेच येथे पाहिले आहे.

मे २०१९ मध्ये सोडलेले पहिले ६० उपग्रह नुसत्या डोळ्यांना रांगेने जाताना दिसले आणि जगभरचे खगोलशास्त्रज्ञ अस्वस्थ झाले. कंपनीने त्याची दखल घेतली, हे मान्य केलेच पाहिजे. जानेवारी २०२० मध्ये काळसर लेपाचा 'डार्कसॅट' गेला. त्याची चकाकी जवळपास निम्म्यावर आली, पण काळा पृष्ठभाग उन्हात तापत होता. त्याच वर्षी आलेल्या 'व्हायझरसॅट'मध्ये अँटेनांवर ऊन पडू नये म्हणून झडपा बसवल्या होत्या आणि हा उपाय खरोखर गुणकारी होता. तरीही पुढे उपग्रहांमधील लेझर संपर्काच्या आड येतात म्हणून त्या झडपा काढून टाकण्यात आल्या. आकाश आणि सेवा यांतून निवड करायची वेळ आली तेव्हा सेवा जिंकली, ही या उत्पादनाची माझ्या मते सर्वांत मोठी उणीव आहे. २०२३ पासूनच्या मोठ्या उपग्रहांवर सूर्यप्रकाश पृथ्वीपासून दूर वळवणारा आरशासारखा थर आहे. आकाराच्या मानाने ते मंद आहेत; मात्र प्रक्षेपणानंतर कक्षेत वर चढत असताना तेही डोळ्यांना सहज दिसतात.

महाराष्ट्राच्या अक्षांशांवर मध्यरात्रीच्या सुमारास पृथ्वीची सावली बहुतेक आकाश व्यापते आणि ५५० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह दिसेनासे होतात. खरे नुकसान संधिप्रकाशात होते, कारण पृथ्वीच्या कक्षेच्या आत फिरणारे, सूर्याजवळ दिसणारे लघुग्रह नेमके त्याच वेळी क्षितिजालगत शोधावे लागतात. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेतून आकाशाची छायाचित्रे घेणाऱ्या झ्विकी सर्वेक्षणात २०१९ च्या अखेरीस संधिप्रकाशातील सुमारे अर्धा टक्का प्रतिमांवर या उपग्रहांच्या रेघा होत्या. ऑगस्ट २०२१ पर्यंत हे प्रमाण १८ टक्क्यांवर गेले. चिलीतील रुबिन वेधशाळेची ८.४ मीटरची दुर्बीण एका वेळी आकाशाचा फार मोठा तुकडा टिपते, त्यामुळे तिच्या वाट्याला अशा रेघा अधिक येणार. ठळक रेघ पुसून टाकली तरी संवेदकात तिचे मागे राहणारे ठसे मोजमाप बिघडवतात. म्हणूनच उपग्रह सातव्या प्रतीपेक्षा (प्रत म्हणजे तेजाचे माप; अंक जितका मोठा तितकी वस्तू मंद) मंद असावेत, असा खगोलशास्त्रज्ञांचा आग्रह आहे.

रेडिओ दुर्बिणींना लेप किंवा झडपा यांचा काहीच उपयोग नाही. २०२३ मध्ये युरोपातील लोफार दुर्बिणीने या उपग्रहांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झ दरम्यान नकळत गळणारे प्रारण नोंदवले. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण याच मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात काम करते, त्यामुळे ही गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे.

अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पुढच्या पिढीच्या ७,५०० उपग्रहांना मान्यता देताना राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाशी समन्वय राखण्याची अट घातली. भारतात जून २०२५ मध्ये स्टारलिंकला दूरसंचार परवाना मिळाला. दुर्गम वाड्यांना इंटरनेट मिळणे मोलाचे आहे, त्याला माझा विरोध नाही. परंतु तेजस्वितेची मर्यादा आणि रेडिओ गळतीची तपासणी या दोन्ही गोष्टी कंपनीच्या मर्जीवर न सोडता प्रत्येक देशाच्या परवान्यात बंधनकारक असायला हव्यात.