जावा वेब अ‍ॅपमधे प्रॉपर्टीज (सेटिंग्जची) फाईल वाचायला क्लासलोडर (क्लासेस आणि त्यांच्यासोबतच्या फाईली शोधून देणारा) की सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट (सर्व्हरने अ‍ॅपला दिलेला ऑब्जेक्ट)?

वॉर (अ‍ॅपचं पॅकेज) टॉमकॅट सर्व्हरवर टाकली आणि getResourceAsStream कडून स्ट्रीम नल आली, म्हणजे फाईल सापडलीच नाही, तर आधी प्रॉपर्टीज फाईल कुठंय ते बघा. वेब-इन्फ या वॉरमधल्या फोल्डरच्या क्लासेसमधे किंवा त्याच्याच लिबमधल्या जारमधे (लायब्ररीच्या फाईलमधे) असेल तर क्लासलोडर वापरा, आणि पाथच्या सुरवातीला स्लॅश अजिबात नको (तीच मेथड क्लासलोडरऐवजी क्लासवरून कॉल केली तर मात्र स्लॅश लागतो, नाहीतर तो त्या क्लासच्या पॅकेजमधेच शोधत बसतो, इथेच बहुतेकांचं गाडं अडतं). फाईल थेट वेब-इन्फमधे असेल तर सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट, तिथे सुरवात स्लॅशनेच. मी क्लासलोडरच घेईन, युनिट टेस्टला कंटेनर (टॉमकॅटसारखा सर्व्हर) लागत नाही. फक्त फाईल वाचणारा कोड ज्या जारमधे आहे ती टॉमकॅटच्या स्वतःच्या लिबमधे असेल तर तिच्या क्लासलोडरला तुमच्या अ‍ॅपमधलं काही दिसतच नाही, तिथे चालू थ्रेडचा कॉन्टेक्स्ट क्लासलोडर (त्याला तुमचं अ‍ॅप दिसतं) घ्या.