बटनाचा फोन सोडावा का? कायओएस दोन हंगाम वापरून झाल्यावर

कायओएसवाला (अँड्रॉइडसारखीच फोन चालवणारी, पण बटनाच्या फोनसाठीची सिस्टीम) बटनाचा फोरजी फोन गेल्या दोन हंगामांपासून माझ्या खिशात आहे. सप्टेंबर 2025 पासून त्याच्या जोडीला स्वस्तातला एक अँड्रॉइडही आला. दोन्ही रोज वापरतो, म्हणून "ठेवू की सोडू" या घोळात असलेल्यांसाठी हे लिहितोय. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला, वावर कापूस-तुरीचं, थोडं ओलीत. हँडसेट कोणत्या कंपनीचा ते जाऊ द्या. जिओफोन काय किंवा नोकियाचा तो केळ्यासारखा वाकडा 8110 फोरजी काय, आत कायओएसच होतं.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे.

आमच्याकडे शेतीची लाईन आठवड्याच्या पाळीने दिवसाची-रात्रीची फिरते. रात्रपाळी असली की मोटरीला मोबाईल स्टार्टर लावलेला असतो. त्यातल्या सिमला फोन लावायचा, तिकडून बाई बोलते, आपण आकडा दाबायचा, मोटर सुरू. हे काम अंधारात, झोपेतून उठून, हात चिखलाचे असताना करायचं असतं. बटनाच्या फोनवर 5 च्या बटनाला एक बारका उंचवटा असतो. अंगठ्याला तो लागला की बाकीचे सगळे आकडे न बघता सापडतात. स्क्रीनकडे पाहावंच लागत नाही. अँड्रॉइडवर तेच करायला गेलं तर कानाजवळ नेलेला फोन खाली आणा, काळी झालेली स्क्रीन जागी करा, कीपॅड उघडा, ओल्या बोटाने आकडा दाबा, तो भलताच दाबला जातो आणि तोवर तिकडची बाई बोलून मोकळी झालेली असते.

हरभऱ्याच्या जागलीतही (रात्रीच्या राखणीतही) तसंच. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं यायची वेळ ठरलेली नसते. एका बटनावर लागणारी टॉर्च, इअरफोन खोचला की लागणारा एफएम आणि दोन-दोन दिवस न उतरणारी बॅटरी, एवढं असलं की रात्र निघते. उन्हात स्क्रीन वाचता येते. बंडीतून खाली पडला तर मागचं झाकण एकीकडे आणि बॅटरी दुसरीकडे जाते; उचलायचं, बसवायचं, चालू. फवारणीच्या दिवसांत तर मी अजूनही दुसरा फोन वावरात नेत नाही.

कॅमेऱ्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. फोटो निघतो, एवढंच.

आता मूळ दुखणं. कायओएस हे फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून निघालेलं. 2014 मध्ये इंटेक्सने तो क्लाऊड एफएक्स नावाचा फोन 1,999 रुपयांना आणला होता, काहींना आठवत असेल. मोझिलाने 2015 च्या शेवटी फोनचा नाद सोडला, पण त्याच पायावर कायओएस उभं राहिलं. टच काढून टाकला, बटनं ठेवली, कमी रॅममध्ये भागवलं. 2017 मध्ये जिओफोन 1,500 रुपयांच्या परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर आला आणि खेड्याखेड्यांत पोचला. 2018 मध्ये गुगलने कायओएसमध्ये 2 कोटी 20 लाख डॉलर घातले, त्याच वर्षी सप्टेंबरात जिओफोनवर व्हॉट्सॲप आलं. त्या काळात भारतात वापराच्या आकड्यांत कायओएस आयफोनच्याही पुढे गेल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे हे काही कोपऱ्यातलं खेळणं नव्हतं.

मग उतरती कळा का लागली? यातली ॲप म्हणजे आतून वेबपानंच असतात, आणि ती चालवणारं इंजिन जुनं. बहुतेक फोनमध्ये असलेली 2.5 ही आवृत्ती 2016 च्या फायरफॉक्सच्या इंजिनावर उभी आहे. पुढे 3 आली, इंजिन नवं झालं, पण विकले गेलेले फोन जिथल्या तिथे राहिले. आजची साइट त्यावर उघडायला जा, पान पांढरं राहतं नाहीतर बटन दिसतं पण दबत नाही. ॲप बनवणाऱ्यालाही या एवढ्याशा पडद्यासाठी वेगळं काम करायचं, अन् त्यातून मिळणार काय? ज्या जिओने हे घरोघरी नेलं, त्यांनीच 2021 मध्ये गुगलला सोबत घेऊन जिओफोन नेक्स्ट काढला, तो अँड्रॉइडवर. तेव्हाच पुढचा रस्ता कुठे जातोय ते दिसायला लागलं होतं. आता ॲपचं दुकान उघडलं तर शटर वर असतं, फळ्यांवर माल नसतो.

व्हॉट्सॲपने जून 2024 मध्ये कायओएसवर नवीन डाउनलोड देणं थांबवलं आणि 2025 च्या सुरुवातीला ज्यांच्याकडे होतं त्यांचंही बंद केलं. गावात बऱ्याच जणांनी त्याच आठवड्यात फोन बदलले. मी नाही बदलला. खरं सांगायचं तर व्हॉट्सॲप गेल्यावर बरंच वाटलं. सकाळचे सुविचार गेले, राजकारणाची भांडणं गेली. पोराच्या शाळेचा ग्रुप बायकोच्या फोनवर होताच. कृषी केंद्रवाला काही सांगायचं असलं तर फोन लावतो. बाबा तर म्हणाले, "मले बोलाचं असते. तुमच्या ॲपशी काय करू?"

पैशाचंही अडत नव्हतं. साध्या फोनसाठी यूपीआय 123पे मार्च 2022 पासून आहे: नंबरावर फोन लावायचा, कुणाला, किती ते सांगायचं, पिन दाबायचा. मर्यादा आधी 5,000 होती, ती 10,000 झाली. इंटरनेट लागत नाही. मात्र दुकानात मागे रांग असताना हे करायला चिवटपणा लागतो. लोक "लवकर करा न भाऊ" म्हणत राहतात.

ई-पीक पाहणीनेही (पेरलेलं पीक आपणच ॲपवरून सातबाऱ्यावर नोंदवायचं, ती) मला हलवलं नाही. ती 2021 च्या 15 ऑगस्टपासून राज्यभर आहे, तिला अँड्रॉइड लागतोच, शिवाय वावरात उभं राहून जीपीएससह फोटो काढावा लागतो. पण ती हंगामात एकदाच. एका फोनवरून अनेक खातेदारांची पाहणी होते, म्हणून शेजारच्या पोट्ट्याला सोबत न्यायचं, धुऱ्यावर चहा पाजायचा, काम झालं. एवढ्या कामासाठी दहा हजारांचा फोन घ्यावा असं मला कधी वाटलं नाही.

माझं मत फिरलं ते कापूस विकायच्या वेळी.

2025-26 च्या हंगामासाठी सीसीआयने (हमीभावाने कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ) हमीभावाच्या खरेदीला कपास किसान ॲपवर नोंदणी सक्तीची केली. सप्टेंबरपासून नोंदणी सुरू झाली. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, मध्यम धाग्याचा 7,710. तेव्हा खासगीत आणि खेडा खरेदीत भाव त्याच्या खालीच बोलले जात होते, त्यामुळे सीसीआय सोडून चालणार नव्हतं. ॲप अँड्रॉइडवर आणि आयफोनवर. आयफोनचा विषय आमच्या धुऱ्यापर्यंत येत नाही, म्हणजे राहिला अँड्रॉइड.

इथे उसना फोन चालत नाही, हे नीट समजून घ्या. नोंदणी एकदाची होते: आधार, जमिनीचा कागद, कापसाचा पेरा. तेवढ्यापुरता शेजाऱ्याचा फोन घेता येईल. पण मंजुरी आली का ते पाहायचं, मग स्लॉट उघडला का ते पाहायचं, तारीख घ्यायची, ती तारीख आपल्या वेचणीशी जुळवायची. सीसीआयला ओलावा 8 ते 12 टक्क्यांच्या आतच लागतो. दिवाळीनंतर सकाळी दहिवर पडतं, तेव्हा दुपारी वेचलेला आणि दोन दिवस वाळवलेला कापूसच जिनिंगवर न्यावा लागतो. म्हणजे मजूर कधी लावायचे, गाडी कोणत्या दिवशी सांगायची, हे सगळं त्या स्लॉटवर अवलंबून. शेजाऱ्याच्या पोराला रोज "बाबू, जरा पाहून सांग" म्हणायचं कुठवर? तो पण वावरात असतो, कधी यवतमाळला असतो, कधी त्याच्या फोनचा नेट संपलेला असतो.

शिवाय साखळी बघा. पीक पाहणी केली तर सातबाऱ्यावर कापसाचा पेरा चढतो, पेरा असेल तर नोंदणी टिकते, नोंदणी असेल तर स्लॉट, स्लॉट असेल तर जिनिंगच्या फाटकातून गाडी आत. यातलं एकही काम बटनाच्या फोनवर होत नाही. शेवटी पैसे जमा झाल्याचा एसएमएस तेवढा येतो.

म्हणून अँड्रॉइड घेतला. पांढरकवड्याच्या दुकानदाराने जुना फोन हातात घेऊन पाहिला, म्हणाला, "याच्यात काही राह्यलं नाही भाऊ, पोराले खेळाले देऊन टाका." दिला नाही.

अँड्रॉइड आल्यापासूनचं सांगतो. पहिलं, रॅम कमी असलेला अगदी तळातला घेऊ नका. घरात एक तसा होता, ॲप उघडायला टाकलं की तंबाखू मळून होत असे. थोडे पैसे टाकून 4 जीबी रॅमचा घ्या. दुसरं, मराठीत बोलून लिहिण्याची सोय फार कामाची. माझ्यासारख्या बटनं दाबून दाबून एकेक अक्षर कोरणाऱ्याला तर सणच. वऱ्हाडी त्याला पूर्ण पचत नाही. पऱ्हाटीचं (म्हणजे कपाशीचं) पराठी करतं, पण मजकूर कळतो. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, किडीचा फोटो काढून कृषी सहायकाला पाठवणं, ही कामं मी आधी करतच नव्हतो. नोव्हेंबरात तुरीवरची अळी ओळखायला हा फोन उपयोगी पडला, फवारणी वेळेत झाली. हे मान्य करायलाच हवं.

आता वाईट बाजू. रोज रात्री चार्जिंग, आणि लाईन नसली की सकाळी फोन मेलेला. उन्हात स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं. घरी आला की तो माझा राहत नाही, पोरं घेऊन पळतात. आणि सगळ्यात मोठी भीती फसवणुकीची. "पीएम किसान"च्या नावाने किंवा चालानच्या नावाने एपीके फाईल (अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाईल) ग्रुपवर फिरतात. हात लावून परवानगी दिली की फोनमधले एसएमएस वाचले जातात, ओटीपी जातो आणि खातं रिकामं होतं. कायओएसवर एपीके बसतच नाही. त्याच्या मागासलेपणाचा हा एक फायदा दुकानदार कधी सांगत नाही. असं काही झालंच तर 1930 वर लगेच फोन लावायचा, हा नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवायला लावलाय.

तर सोडावा का? ज्याचा कापूस सीसीआयला जातो, त्याने नवीन कायओएस फोन आता घेऊ नये. असलेला फेकूही नये, पण मुख्य फोन म्हणून त्याचे दिवस भरले. ज्यांचं वावर बटाईने दिलेलं आहे, किंवा घरात दुसऱ्या कुणाकडे अँड्रॉइड आहे, त्या म्हाताऱ्या माणसांना उगाच बदलायला लावू नका. आमच्या बाबांकडे बटनाचाच आहे आणि राहील. अँड्रॉइड घेतला म्हणून कायमचं सुटलो असंही नाही. जुन्या अँड्रॉइडवरूनही व्हॉट्सॲप आणि बाकीची ॲप हळूहळू उठतातच. म्हणून घेताना आवृत्ती नवी आहे का तेवढं विचारा.

बदलताना दोन कामं आधी करा. कॉन्टॅक्ट मेमरी कार्डवर काढून घ्या, कायओएसमध्ये ती सोय आहे. ते कार्ड नव्या फोनमध्ये टाकलं की नंबर येतात. व्हॉट्सॲपच्या जुन्या गप्पा मात्र कायओएसवरून अँड्रॉइडवर येत नाहीत, त्यांची आशा सोडा.

सिमची वाटणी मी अशी केली आहे. आधारला आणि मोठ्या बँक खात्याला जोडलेलं सिम बटनाच्या फोनमध्येच ठेवलं. कपास किसानचा असो की बँकेचा, ओटीपी तिथे येतो, मी तो वाचून अँड्रॉइडवर टाकतो. अँड्रॉइडमध्ये उद्या काही घुसलं तरी ओटीपीचा मेसेज त्याच्या हाती लागणार नाही. यूपीआय ॲपला मात्र ज्या फोनवर चालवायचं त्यातच सिम लागतं, म्हणून त्यासाठी दुसरा नंबर आणि किराणा-पेट्रोलपुरते पैसे असलेलं वेगळं खातं. मोटरीच्या स्टार्टरमध्येही नोंदवलेल्याच नंबरवरून फोन लागतो, तो आधीपासून बटनाच्या फोनचाच आहे, म्हणून तिथे काही बदलावं लागलं नाही.

यात खरा खर्च दुसऱ्या रिचार्जचा आहे. तो जड जात असेल तर एकच दोन सिमचा अँड्रॉइड घ्या, आणि जागलीसाठी बाजारातून चांगली टॉर्च.