वॉकर, पांगुळगाडा की नुसती सतरंजी?

मूल सोफ्याला धरून उभं राहू लागलं की घरात हा विषय निघतोच. आमच्याकडे तो निघायच्या आधीच मामेबहिणीच्या माळ्यावरचा गोल वॉकर दारात हजर झाला होता. "चारच महिने वापरलाय गं, नवाच आहे." तिसऱ्या दिवशी लेक हॉलमधून सुसाट निघाली ती थेट बाथरूमकडे. तिथे दाराशी जेमतेम दोन बोटांची पायरी. पुढची चाकं खाली गेली, वॉकर कलंडला आणि कपाळ चौकटीवर. मी चार पावलांवर कोथिंबीर निवडत होते. टेंगळावर निभावलं. पण "लक्ष ठेवलं की झालं" हे वाक्य त्या दिवसापासून मला पटेनासं झालं.

मूल वॉकरमध्ये सेकंदाला तीन फुटांहून जास्त अंतर कापतं, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. म्हणजे तुमच्या हातातली जुडी खाली ठेवेपर्यंत ते जिन्यापाशी. बहुतेक अपघात मोठी माणसं बघत असतानाच होतात, हेही तीच संघटना सांगते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९९० ते २०१४ या काळात तिथे १५ महिन्यांखालच्या २ लाख ३० हजारांहून अधिक मुलांना वॉकरच्या दुखापतींमुळे इस्पितळात न्यावं लागलं. दर दहांतल्या नऊ जखमा डोक्याला किंवा मानेला, आणि चारांतल्या तीन जिन्यावरून पडून. २०१० मध्ये तिथे वॉकरसाठी सुरक्षेचं सक्तीचं मानक आल्यावर पुढच्या चार वर्षांत दुखापती सुमारे २३ टक्क्यांनी घटल्या. घटल्या, थांबल्या नाहीत. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरवर बंदीच घातली, जुने विकायलाही मनाई केली.

बरं, चालायला तरी लवकर लागतं का? उलटंच. झोळीत बसून मूल चवड्यांनी ढकलतं. तोल सांभाळायचं काम वॉकर करतो, आणि ट्रेमुळे स्वतःचे पाय दिसतही नाहीत. शिवाय चहाचा कप, टेबलक्लॉथचं टोक, जिथे एरवी हात पोचत नाही तिथे पोचतो. त्यामुळे "चांगल्या कंपनीचा घेऊ" यात मला फारसा अर्थ दिसत नाही. कंपनी कुठलीही असो, चाकावरची झोळी तीच.

पांगुळगाड्याची गोष्ट वेगळी. मूल आत बसत नाही, मागे उभं राहून ढकलतं. वजन स्वतःच्या पायांवर, आणि दमलं की बूड टेकवून मोकळं. सासूबाई म्हणाल्या, "आमची सगळी पोरं यावरच चालली." पण त्यांची पोरं शेणाने सारवलेल्या जमिनीवर चालली. आमच्या गुळगुळीत टाइल्सवर तोच गाडा पुढे पळतो आणि मूल तोंडावर आपटतं. आम्ही खालच्या फळीवर दोन किलो तांदळाची पिशवी बांधली, तेव्हा तो ताळ्यावर आला. धरून उभं राहता येण्याआधी मात्र देऊ नका. हलका गाडा धरून उठायला गेलं, तर तो अंगावर येतो.

घेताना लाकडाच्या कडांवरून तळहात फिरवा, खिळ्यांची डोकी बघा. रंगाचे पोपडे निघत असतील तर नकोच, कारण मूल दांडी चावणारच. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट आहे. त्यामुळे कारागिराने घडवलेल्या गाड्यावर चिन्ह नसेल. तिथे विचारून, हाताळूनच घ्यावं लागतं. प्लास्टिकच्या गाणाऱ्या गाड्यावर चिन्ह असेल, तर त्याचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर (बीआयएस म्हणजे हे चिन्ह देणारी भारतीय मानक संस्था) टाकून बघा. बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नसेल तर तो दुकानातच सोडा. बटण सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

सतरंजीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. फुकट आहे आणि मूल चालायला शिकतंच. फक्त तुम्हाला पोळ्या लाटायला वेळ मिळत नाही. वॉकर खपतो तो खरं तर याच कारणाने, आणि ही अडचण खोटी नाही. त्या वेळापुरतं मी चार उशांचं कुंपण आणि वाटी-चमच्यांवर भागवलं.

राहिला प्रश्न सदोष माल कंपनीने परत मागवण्याचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू बाजारातून मागे घ्यायला लावण्याचा अधिकार दिला आहे, आणि तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. पण माळ्यावरून आलेल्या वस्तूला ना बिल, ना खोका, ना बॅच नंबर. उद्या ती मागवली गेली तरी तुमच्या दारी कोण सांगायला येणार? म्हणून नवं काही घेतलं की खालचं लेबल आणि बिल यांचा फोटो काढून ठेवते.

तो वॉकर "वॉचमनकाकांच्या नातीला दे" असं शेजारणीने सुचवलं. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याची चाकं काढली, झोळी कापली आणि सांगाडा भंगारवाल्याला दिला. ट्रे तेवढा ठेवलाय. लेक त्याच्यावर डाव बडवत बसते.